बिनलोडाचं यंत्र

१

रोज सकाळी चहा झाला की मी मुलाला तोंड दाखवतो.

हौस म्हणून नाही. मागच्या पावसाळ्यात अंगणात शेवाळ झालं होतं, त्यावरून मी घसरलो. पडलो, उठलो, पायजमा झटकला. कोणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण शेजारच्या चिंधूने कुंपणावरून पाहिलं आणि पुण्याला माझ्या मुलाला, निकेशला, फोन लावला. चिंधूच्या तोंडात तीळ भिजत नाही.

निकेश आला. गावचं, आंजीचं घर बंद करा आणि पुण्याला चला, म्हणाला. मी पुणं पाहिलेलं आहे. तो अकराव्या मजल्यावर राहतो. बटण दाबलं की खाली जाता येतं, पण खाली गेल्यावरही पायाला माती लागत नाही, फरशीच लागते. फाटकावरचा चौकीदार मला रोज विचारायचा, कोणाकडे आलात. महिनाभर राहिलो तरी विचारायचा. जिथे माणसाला रोज आपण कोण ते सांगावं लागतं तिथे राहू नये. आंजीत माझं नाव कवडू आहे हे कुत्र्यांनाही ठाऊक आहे.

सून रक्षा समजदार आहे. तिने तोड काढली. रोज सकाळी व्हिडिओ कॉल करायचा. मी खुर्चीवर बसलेला, बोलणारा, धडधाकट दिसलो की त्या दिवसापुरतं आंजीत राहायचं. ज्या दिवशी दिसलो नाही, त्या दिवशी निकेश गाडीत बसेल आणि मला घेऊन जाईल. मी हो म्हटलं. मी शब्द मोडत नाही आणि दुसऱ्याला मोडू देत नाही.

निकेश मला मोठा फोन देत होता. मी घेतला नाही. ज्याला दाबायला बटण नाही ते यंत्र नव्हे, आरसा आहे. माळ्यावर त्याचा कॉलेजातला कॉम्प्युटर पडला होता. जाण्याआधी त्याने तो मधल्या खोलीत मांडला, वर चिमट्याने छोटा कॅमेरा लावला आणि कुठे काय दाबायचं ते दाखवलं. मी चौथी शिकलो आहे. पण उभी हयात वर्ध्याच्या कापसाच्या जिनात फिटर होतो. यंत्र मला नवीन नाही.

२

कॉम्प्युटर म्हातारा होता. बटण दाबून मी आंघोळीला जायचो. परत यायचो तरी तो अजून जागा होतच असायचा. डब्यातला पंखा उन्हाळ्यातल्या म्हशीसारखा धापा टाकायचा.

कॉल लागला की पडद्यावर मोठं चित्र निकेशचं आणि खाली कोपऱ्यात छोटं चित्र माझं. माझं चित्र मागे राहायचं. मी हात वर केला की ते थांबायचं, विचार करायचं आणि मग हात वर करायचं. हे मला कळत होतं. पट्टा ढिला झाला की असंच होतं. इंजिन आधी फिरतं, सरकी काढणारा चरखा मागून फिरतो.

पण निकेशकडे माझं चित्र मधेच गोठायचं. कधी तोंड उघडं, कधी डोळे मिटलेले. असा बाप पाहिला की तो घाबरून चिंधूला फोन करायचा. चिंधू दात घासत घासत घरात शिरायचा, माझ्याकडे बघायचा आणि फोनवर सांगायचा, "आहे जिवंत. चहा पिऊन राह्यला."

स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर, चिंधूच्या दाखल्यावर जिवंत राहायचं. हे मी फार दिवस सोसणार नव्हतो.

३

माझी भाची दीपमाला सावंगीला दवाखान्यात कॉम्प्युटरवर काम करते. एका रविवारी ती स्कूटीवर आली. तिने डबा उघडला, धूळ फुंकली, आत पाहिलं. यंत्र ठीक आहे, म्हणाली, पण त्याच्यावर ओझं जास्त आहे. आतली सिस्टम आजच्या तगड्या यंत्रांसाठी केलेली, आणि ही वाहायला लावली या म्हाताऱ्याला.

तिने पेनड्राइव्हवर लिनक्स नावाची दुसरी सिस्टम आणली होती. त्यात म्हणे कपाशीसारखे वाण असतात. काही भारी जमिनीचे, काही हलक्या. तिने आणला तो अगदी हलक्या जमिनीचा, कमी पाण्यात येणारा. ही भाषा मला समजते. जुनं सगळं पुसायचं का, तिने विचारलं. पूस, म्हटलं.

जेवणं होईपर्यंत काम झालं. बटण दाबलं आणि यंत्र तिथल्या तिथे जागं झालं. आंघोळीला सवडच दिली नाही. पंख्याची धाप गेली. आता फक्त एक बारीक सरसर ऐकू यायची, कोरड्या पानातून काही जावं तशी. मी कॅमेऱ्यासमोर हात वर केला. चित्राने त्याच क्षणी केला.

आता याच्यावर लोड किती, मी विचारलं.

"काहीच नाई, मामाजी," ती कौतुकाने म्हणाली. "एकदम मोकळं. उडून राह्यलं."

मला ते आवडलं नाही. जिनात मोकळ्या इंजिनाला कोणी चांगलं म्हणत नाही. पण पोरगी भर उन्हात आली होती. मी तिला ताक दिलं.

४

पुढचे काही दिवस सुखाचे गेले. निकेश खूश, रक्षा खूश. चिंधूला सकाळचं काम उरलं नाही. तो सवयीने यायचा, मला बघायचा आणि कोणाला सांगायचं नसल्यामुळे खट्टू होऊन जायचा.

मग एका सकाळी निकेश विहिरीवरच्या मोटरीबद्दल विचारत होता. कोपऱ्यातल्या चित्रात मी कप उचलून तोंडाला लावला. माझ्या हातात कप नव्हता. कप टेबलावर होता. नंतर मी तो उचलला.

एवढ्यावर कोणी विचार करत नाही. मीही केला नाही.

दुसऱ्या दिवशी चित्रातला मी शिंकला. आवाज नाही, नुसतं तोंड वाकडं. शिंकताना मी इतका वाईट दिसतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हा माणूस शिंकतो कशाला, असं मनात येतं न येतं तोच मला शिंक आली.

मी निकेशला विचारलं, तुला मी कसा दिसतो. एकदम साफ, म्हणाला. पुढे-मागे तर होत नाही ना? म्हणजे काय, बाबा? काही नाही, म्हटलं.

इथे जपून राहायला हवं होतं. माझ्या वयाच्या माणसाने मुलाला सांगितलं की माझं चित्र माझ्या आधी शिंकतं, तर त्या माणसाला त्याच दिवशीच्या गाडीने पुण्याला नेतात. आणि घरी नेण्याआधी डोक्याच्या डॉक्टरकडे नेतात.

५

मी शांतपणे विचार केला. यंत्र बिघडलं की फिटर एकेक भाग बाजूला काढतो. मी तसंच केलं.

आधी डोळे. मोतीबिंदू काढून झाला आहे. सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या होत्या, बाबाजी, आता तुम्ही सुईत दोरा ओवाल. डोळे बाद. मग डोकं. मी मोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हटला. कुठे अडलो नाही. डोकंही बाद. उरलं यंत्र.

दुसऱ्या सकाळी मी तयारीने बसलो. चित्रात मी डावा कान खाजवला. मी ठरवलं, आपण नाही खाजवायचा. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. निकेशने विचारलं, बाबा, थंडी वाजते का. हाव, म्हटलं. चैत्र चालू होता.

तेवढ्यात एक डास आला. त्याला माझं अख्खं तोंड मोकळं होतं, टक्कल मोकळं होतं. तो डाव्या कानावर बसला. मी सोसलं. जेवढं सोसता येतं तेवढं सोसलं. मग हात काढला आणि खाजवलं. चित्रातला मी तोवर निवांत बसला होता, काम उरकल्यासारखा.

मी त्या कोपऱ्यावर कागद चिकटवला. त्याने आणखी वाईट झालं. कागदाखाली मी काय करतो आहे, हा विचार सुटेना. सगळं बोलणं मी कागदाकडे बघूनच केलं. शेवटी निकेशने विचारलं की तुमचे डोळे असे तिरपे काऊन झाले. कागद काढून टाकला.

६

दीपमालाला बोलावलं. यंत्र एकदा बघून जा, एवढंच सांगितलं. ती खुर्चीवर बसली, मी मागे उभा राहिलो. तिने कॅमेऱ्याचं चित्र एका बाजूला उघडं ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला अक्षरांच्या ओळी काढल्या. तिची नजर अक्षरांवर. माझी चित्रावर.

चित्रात ती चहा पीत होती.

मी तिला अजून चहा विचारलाही नव्हता. मला लाज वाटली. माझ्या घरी आलेल्या भाचीला यंत्राने माझ्या आधी चहा पाजावा, हे शोभत नाही. मी तसाच वळलो आणि चुलीकडे गेलो. चहा घेऊन आलो. ती प्यायला लागली तेव्हा चित्रात ती नव्हती. खुर्चीवर मी बसलो होतो, एकटा, आणि कॅमेऱ्यात वाकून काहीतरी शोधत होतो.

सगळं बरोबर चाललंय, दीपमाला म्हणाली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, चित्र जसं मागे राहतं तसं कधी पुढे जातं का?

ती हसली. "मागं राहू शकते, मामाजी. पुढं कसं जाईन? कॅमेऱ्याले जे दिसते तेच तो दाखवते."

ती बरोबर बोलत होती. माझंही तेच मत होतं. मामा-भाचीचं एकमत होतं, फक्त चित्राचं वेगळं होतं.

जुनी सिस्टम परत टाकू का, तिने विचारलं. म्हणजे पुन्हा ते गोठणं, पुन्हा तो चिंधूचा दाखला. नको, म्हटलं. ती गेली. मी खुर्चीवर बसलो आणि कॅमेऱ्यात वाकून बघितलं, आत काही अडकलं आहे का. मग आठवलं की हे मी मघाशी पाहिलं आहे.

७

चित्र दिवसेंदिवस पुढे चाललं. आधी ते शिंकेएवढं पुढे होतं, मग चहाएवढं. मग उजेडही बदलला. इकडे सकाळ असायची आणि चित्रात ऊन उंबरठा ओलांडून खुर्चीच्या पायाशी आलेलं असायचं, जसं ते दुपारी येतं. मी उठून दार लावताना दिसायचो. दुपारी वारा सुटायचा, दार आपटायचं, आणि मला उठावं लागायचं. उठताना मला कोणी हुकूम सोडल्यासारखं वाटायचं. मी कोणाचा हुकूम ऐकत नाही. पण दार आपटतच होतं.

खोलीत दुसरा आवाज नाही. फक्त पंख्याची सरसर. ती बारीक होत चालली होती. ऐकणाऱ्याला कळतं: या यंत्राला धरून ठेवणारं काही उरलेलं नाही.

मग एका सकाळी चित्रात खुर्ची रिकामी होती.

मी खुर्चीवर बसलेलो होतो. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले. लाकूड लागलं. खुर्ची होती आणि मीही होतो. चित्रातल्या खुर्चीवर चादर टाकलेली होती, बंद घरात धूळ बसू नये म्हणून टाकतात तशी. मागचं दार लागलेलं होतं. पण आतली कडी खाली लोंबत होती. म्हणजे दार कोणीतरी बाहेरून लावलं होतं.

निकेश विचारत होता, काल जेवायला काय केलं. वरण-भात, मी म्हटलं. आवाज माझाच होता.

दुपारी मी चिंधूच्या ओट्यावर गेलो. तो तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता. मी त्याला एक कोडं घातलं. एका माणसाच्या घरात खुर्ची रिकामी, वर चादर, दार बाहेरून लावलेलं. तर तो माणूस कुठे आहे?

"कोणाची खुर्ची?" चिंधूने विचारलं.

"समज, माझी."

त्याने खर्रा तोंडात टाकला आणि बराच विचार केला. "मंग तू मेला अशीन."

"का पुण्याले गेलो अशीन?"

"पुण्याले तू जिवंतपणी जात नाई, बाप्पा," तो म्हणाला. "मेलाच अशीन. काळजी नको करू."

मला खरंच बरं वाटलं. पण ते घरी येईपर्यंतच टिकलं. चिंधूचं म्हणणं आजवर एकदाही खरं निघालेलं नाही, हे दारात पाऊल टाकताना आठवलं.

८

जिनात एकदा चालू इंजिनाचा पट्टा तुटला होता. लोड गेला की इंजिन थांबत नाही, ते सुटतं. चाक दिसेनासं होतं, पायव्यातले बोल्ट बोलायला लागतात. अशा वेळी दोनच उपाय. तेल बंद करा, नाहीतर लोड द्या. इथे यंत्र बंद करणं म्हणजे पुणं. राहिला लोड.

लोड म्हणजे डब्यावर पाटा ठेवायचा नसतो, एवढं मला कळतं. चिंधूने तेच सुचवलं असतं, म्हणून त्याला विचारलं नाही. दीपमाला म्हणाली होती, जेवढं जास्त उघडाल तेवढं ओझं.

सकाळी कॉलच्या आधी मी उघडायला बसलो. पत्त्यांचा खेळ उघडला. कॅल्क्युलेटर उघडला. जगाचा नकाशा उघडला. मग व्हिडिओ लावले, आवाज बंद करून: कापूस वेचणारं यंत्र, ठिबकची नळी कशी जोडावी, शेळीपालन. प्रत्येक उघडलं की पंखा जरा जड व्हायचा. सरसरीची घरघर झाली, घरघरीची धाप. भरल्या चरख्याचा आवाज. बऱ्याच दिवसांनी मला तो आवाज ऐकून चांगलं वाटलं.

कोपऱ्यात चादर गेली. खुर्ची राहिली. मग खुर्चीवर मी आलो. ऊन खुर्चीच्या पायापासून मागे सरकत उंबरठ्याबाहेर गेलं. मी हात वर केला. चित्राने हात वर केला, माझ्याबरोबर, इमानाने. खबरदारी म्हणून मी आणखी एक शेळ्यांचा व्हिडिओ लावला आणि मग कॉल लावला.

निकेशचं चित्र आलं नाही. थोड्या वेळाने माझा छोटा फोन वाजला. त्याच्याही आधी चिंधू दारात येऊन गेला होता.

"तुम्ही दिसलेच नाई, बाबा," निकेश म्हणाला. "नुसता काळा पडदा. चिंधूकाकाले पाठवलं, तं ते म्हणतात कवडू शेळ्या पाहून राह्यला."

मी म्हटलं, यंत्रावर जरा लोड दिला होता.

मला वाटलं तो रागावला. पण आवाज रागाचा नव्हता. "इथं मी ऑफिसात बसतो, पण जीव त्या अंगणातच राह्यते माह्या. तुम्ही पडले तं मले किती वेळानं कळीन, हेच मोजत राह्यतो."

असं काही तो आजवर बोलला नव्हता.

ठरल्याप्रमाणे तो त्याच दिवशी निघणार होता. रक्षाने मधे पडून एक सकाळ मिळवून दिली. उद्या मी दिसलो तर ठीक. नाही दिसलो तर तो संध्याकाळची गाडी धरणार आणि माझं काही ऐकणार नाही. हाव, म्हटलं. शब्द तो शब्द.

९

दुसऱ्या सकाळी सगळं कालच्यासारखं उघडं होतं. मी खुर्चीवर बसलो आणि कॉल लावला.

या वेळी निकेशचं मोठं चित्र आलं, पण गोठलेलं आलं. तोंड उघडं, डोळे माझ्यावर, एक हात हवेत. हलेना. मी हाक मारली. हलेना. मी पडद्यावर बोटाने टकटक केलं. हे यंत्राचं आहे हे मला माहीत होतं, तरी केलं. तो इतके दिवस सकाळी सकाळी काय बघत होता, ते मला तेव्हा दिसलं.

मी लोड काढायला लागलो.

शेळ्या गेल्या. कोपऱ्यातल्या चित्रात ऊन आत आलं. ठिबक गेलं, कापूस गेला. ऊन खुर्चीवर चढलं, भिंतीवर गेलं, विझलं. नकाशा बंद केला. खुर्ची रिकामी झाली. कॅल्क्युलेटर बंद केला. चादर आली, दार लागलं, कडी लोंबली. पंखा पुन्हा सरसरायला लागला. पत्ते तेवढे राहिले होते. तिथे माझा हात थांबला.

मोठ्या चित्रात निकेश अजून तसाच होता, तोंड उघडं.

मी पत्ते बंद केले.

सरसर इतकी बारीक झाली की ती आहे का नाही कळेना. खोली गप्प झाली. बाहेर चिंधूची बकरीसुद्धा ओरडेना. कोपऱ्यात खुर्ची नव्हती. जिथे ती असते त्याच्या मागची भिंत दिसत होती. भिंतीला रंग दिलेला होता, पोपटी, कोणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे. भिंतीवर एक फोटो होता. फोटोला चंदनाचा हार होता. हारात मी होतो.

मी हसत होतो. दात दिसत होते आणि पडलेल्या दाताची खिंडही दिसत होती. माझा असा फोटो नाही. मी फोटोत हसत नाही. फोटो काढणं हे काम आहे आणि कामात हसायचं नसतं. हा यांनी आणला कुठून?

मान वळवून मागच्या भिंतीकडे बघायची हिंमत होईना. पण फिटरची नजर आपल्या सवयीने चालते. वस्तू बघण्याआधी ती कशावर टांगली आहे ते बघते. खिळा सरळ होता. बाजूला लाइटचा बोर्ड होता. बोर्ड वाकडा दिसत होता. तो बोर्ड मी बसवला आहे आणि तो वाकडा नाही, भिंत वाकडी आहे. अशी भिंत आंजीत एकच आहे.

मी नीट विचार केला. निकेशच्या अकराव्या मजल्यावर भिंतीत खिळा जात नाही. कॅलेंडरसुद्धा चिकटपट्टीने लावतात आणि ते दर आठवड्याला पडतं. फोटो तिथे नव्हता. इथे होता. मला नेलं असतं तर घर विकलं गेलं असतं. घर विकलेलं नव्हतं. कोणीतरी येऊन त्याला रंग दिला होता. म्हणजे त्यांनी मला नेलं नव्हतं. आजही नाही, नंतरही नाही. मी इथूनच गेलो होतो, माझ्या खोलीतून, माझ्या मर्जीने. चिंधू आयुष्यात पहिल्यांदा बरोबर निघाला होता.

चिंधू बरोबर निघाला, या विचाराचं मला हसू आलं. आवरायला गेलो तर जास्तच आलं.

"थांबा," कोणीतरी म्हणालं. मोठ्या चित्रातला निकेश हलायला लागला होता. "तसेच राहा, बाबा. हलू नका."

कट्ट आवाज झाला.

"रक्षा, ये न इकडे, पाह्य," तो म्हणत होता. त्याचा आवाज ओला झाला होता. "बाबा हसून राह्यले. फोटो घेतला म्या." मग मला म्हणाला की मी एकदम चांगला दिसतो आहे, तिकीट तो काढत नाही, मी आंजीतच राहावं, पण शेळ्या कॉल संपल्यावर बघाव्यात. हा फोटो मात्र तो जपून ठेवणार होता.

माझं हसू थांबलं. कोपऱ्यात मी हसतच होतो. आता नीट पाहिलं. फ्रेम सोनेरी प्लास्टिकची होती, जत्रेत रबरी सापाशेजारी टांगलेली असते तसली.

"ठेव," मी म्हटलं. "पण फ्रेम लाकडाची घेजो. प्लास्टिकची नको."

"कशाची फ्रेम, बाबा?"

मी कोपऱ्याकडे बघितलं. फ्रेम सागवानी होती.